हिरवी बाळी

डॉ. अविनाश काळमेघ यांना मोराचा आवाज काढता येत असे. एखाद्या विद्यापीठाच्या विद्यार्थी विकास संचालकाबद्दल ही माहिती आधी द्यावी की नंतर, असा प्रश्न पडतो. पण ते स्वतःच ती आधी देत. विद्यार्थी असताना युवक महोत्सवात नकलांच्या स्पर्धेत त्यांना दुसरं बक्षीस मिळालं होतं. पहिलं रेल्वे इंजिनाला गेलं. तेव्हापासून भाषण व्यसनमुक्तीचं असो की मतदार जागृतीचं, शेवट मोरानेच होई. शोकसभेत मात्र ते मोह आवरत. एकदा आवरला नव्हता, पण ते वारलेले गृहस्थ पक्षिमित्र होते.

पूर्णातीर विद्यापीठ कपाशीच्या शेतांच्या मधोमध उभं आहे. तिथं तीन वर्षांपूर्वी बाळी आली.

त्याचं असं झालं. वर्गात विद्यार्थी काय शिकतो हे परीक्षेवरून कळतं, निदान तसं मानायची रीत आहे. पण वर्गाबाहेर, शिबिरात, मैदानावर, नाटकाच्या तालमीत, मेसच्या रांगेत, तो काय शिकतो हे कसं मोजायचं? पूर्वी यासाठी फोटो चालत. मुलं रोपट्याशेजारी उभी राहून फोटो पाठवत आणि त्यांची पर्यावरणविषयक जाणीव विकसित झाली असं धरलं जाई. पुढच्या वर्षीची मुलं त्याच खड्ड्याशेजारी उभी राहत. मग वर हुकूम निघाला की फोटो पुरे, आता पुरावा द्या.

पुरावा डॉ. नीरजा सावजी यांच्याकडे होता. नीरजा शरीरक्रियाशास्त्राची प्राध्यापक. बोलणं कमी, त्यामुळे विद्यापीठात तिला कोणी फारसं ओळखत नव्हतं. तिने कानाचा अभ्यास केला होता. ऐकायच्या कानाचा नव्हे, दिसायच्या. माणूस घाबरला की अंगभर रक्तवाहिन्या आवळतात, पण चेहऱ्याच्या आणि कानाच्या रक्तवाहिन्या काही प्रसंगी उलट वागतात, त्या सैल होतात. कानात रक्त धावतं, श्वास क्षणभर अडतो, मग हृदयाचे ठोके एका ठरावीक लयीत खाली उतरतात. नीरजाचं म्हणणं होतं की 'मी स्वतःला समजत होतो तसा मी नाही' असं माणसाला अचानक जाणवलं की ही लाट उठते. आणि तसं जाणवल्याशिवाय कोणी बदलत नाही. तिने या लाटेला 'उमज' असं नाव दिलं. कानाच्या वरच्या कडेला भिकबाळीसारखं अडकवायचं एक छोटं यंत्र तिने बनवलं. ते कानातून प्रकाश सोडी, रक्ताची लाट मोजी, आणि उमज झाली की नोंद करी.

"नोंद करतं ते ठीक," काळमेघ म्हणाले होते, "पण विकास दिसला पाहिजे. दिवा लावा."

म्हणून बाळीत हिरवा दिवा आला. उमज झाली की तो मिनिटभर पेटे. ज्याचा कान त्याला तो दिसत नसे. बाकी सगळ्या जगाला दिसे.

एकच अडचण होती. यंत्राला शिकवावं लागतं. हजार लाटा दाखवून त्याला विचारलं की यातली उमज कुठली, तर ते म्हणतं, तुम्हीच सांगा, मी पाठ करतो. म्हणजे एक पक्का नमुना हवा, ज्याचा विकास होतोय याबद्दल कोणाला शंका नाही असा विद्यार्थी. काळमेघांनी ताबडतोब एक नाव सुचवलं. त्यांची मुलगी ओवी नुकतीच पहिल्या वर्षाला दाखल झाली होती.

नव्या विद्यार्थ्यांच्या स्वागत समारंभात ओवी पहिल्या रांगेत, नव्या मैत्रिणींच्या मधोमध, कानात बाळी घालून बसली. काळमेघ बोलायला उभे राहिले. त्यांनी शेर म्हटले, ओवीच्या बालपणीचा एक विनोदी प्रसंग सांगितला, ओवीला उभं करून सगळ्यांना तिची ओळख करून दिली आणि शेवटी मोर काढला. नीरजाच्या पडद्यावर लाट उठली, ती तिने तोवर पाहिलेल्यांत सगळ्यात उंच होती.

"हीच ती!" काळमेघ म्हणाले. "वडिलांचे विचार ऐकून मुलगी बदलतेय. हीच उमज."

नीरजाला थोडी शंका होती, पण लाट पाहावी तर अगदी हवी तशी. यंत्राला ती शिकवली. यंत्राने पाठ केली. यंत्राचा हा फार चांगला गुण असतो, पहिल्यांदा शिकवलेलं ते विसरत नाही. हा त्याचा दोषही असतो, पण तो माहितीपत्रकात छापत नाहीत.

योजना सुरू झाली. पदवीला तीस उमज सक्तीच्या झाल्या. सुरुवातीला बाळी वर्गातही घालायची होती, पण वर्गात ती कुठेच पेटेना. प्राध्यापक संघटनेने निषेध नोंदवला, तेव्हा वर्गात शिरताना ती काढून ठेवायचा नियम झाला. 'वर्गाबाहेरील अध्ययन' हे नाव त्यामुळे योजनेला आपोआप शोभून दिसलं.

ओवीच्या तीस उमज पहिल्याच सत्रात झाल्या. काळमेघ मंचावर गेले की तिचा कान हिरवा होई. ते कॅंटीनमध्ये आले की होई. ते मैदानावर मुलांबरोबर लंगडी खेळायला उतरले तेव्हा तर दिवा विझतच नव्हता. विद्यापीठाच्या मुख्य फाटकावर ओवीचा मोठा फोटो लागला, खाली लिहिलेलं: 'सर्वाधिक विकसित विद्यार्थिनी'. काळमेघ रोज त्या फोटोखालून जाताना गाडीचा वेग कमी करत.

त्यांनी स्वतःही बाळी घातली होती, नमुना म्हणून. ती कधी पेटली नाही. नीरजाने दोनदा सेल बदलून पाहिला. "अहो मॅडम," काळमेघ म्हणाले, "पूर्ण वाढ झालेल्या झाडाला कोंब शोधताय होय?"

*

मुलांना उमज कशी मिळवायची हे कळायला एक पावसाळा गेला. आठवडाभर शिबिरात नाल्या खणून हात सोलले तरी कान कोरडा. आणि मग एका मुलीचे वडील तिला डबा द्यायला आले. कॅंटीनच्या काउंटरवर उभं राहून त्यांनी विचारलं की इथं ताक फुकट मिळतं का, आणि नसेल तर का नाही, आणि मॅनेजरला बोलवा. मुलीचा कान एकाच दुपारी अनेकदा पेटला. बातमी वसतिगृहात पोचायला चहा निवायचाही वेळ लागला नाही.

मुलं घरी फोन करू लागली.

"बाबा, या ना एकदा. हो, कॉलेज बघायला. नाही नाही, बूट कशाला, चपलाच घाला. आणि ती पिवळी पिशवी आणा, खताची."

"आई, तू ते जोरात हसतेस ना, तशीच हस. अगं, काही नाही, असंच."

मोटारीतून उतरणाऱ्या, इंग्रजी बोलणाऱ्या पालकांना मागणी नव्हती. त्यांच्या मुलांचा विकास रखडला. एका मुलाने तर मित्राच्या मामाला एका दिवसासाठी मागून घेतलं, पण दुसऱ्याच्या मामावर कान पेटत नाही असं निघालं.

पालकांना यातलं काही ठाऊक नव्हतं. पोरांना आपली आठवण येते, एवढंच त्यांना दिसत होतं. एसटीतून उतरत, कपडे झटकत, फाटकावरच्या फोटोकडे बघत ते आत येत, आणि पोरगं पुढे होऊन त्यांना नेमकं गर्दीच्या टेबलावर बसवी.

काळमेघांच्या डोळ्यांत पाणी आलं. "कुटुंबसंस्था परत आली," ते कुलगुरूंना म्हणाले, आणि त्यांनी दरवर्षीचा 'पालक सहवास सप्ताह' जाहीर केला.

यंदाच्या सप्ताहात प्रल्हाद पाचपोर आले. त्यांचा मुलगा स्वराज तिसऱ्या वर्षाला होता. प्रल्हादरावांची उमर जिनिंगच्या कारखान्यात गेली होती आणि त्या यंत्रांच्या धडधडीत त्यांचे कान. आपल्याला ऐकू येत नाही हे त्यांना मान्य होतं, पण बाकीच्यांना येतं यावर त्यांचा विश्वास नव्हता. त्यामुळे ते सगळ्यांशी शेत ओलांडून बोलावं तसं बोलत.

"स्वराज! चहा एकच सांग! अर्धा-अर्धा घेऊ!" कॅंटीनभर आवाज गेला. "पुरा घेतला का मले एसटीत लघवीले लागते!"

सगळं कॅंटीन थांबलं. सगळ्यांच्या नजरा स्वराजच्या कानाकडे गेल्या. बापाने असली लॉटरी फोडल्यावर पोराला दोन-तीन उमज कुठे गेल्या नाहीत, असं जो तो धरून होता.

"बाबा!" स्वराज तितक्याच मोठ्याने ओरडला. "मुतारी इथं बाजूलेच हाय! पुरा घ्या! मी दाखवतो!"

"मंग दोन सांग! आन् भजे हायेत काय?"

स्वराज हसत उठला आणि भजी आणायला गेला. कान कोरा.

"झिरो बे," मागून कोणीतरी हळहळलं. "एवढा बाप वाया गेला."

ओवी शेजारच्या टेबलावर होती. ती त्या दोघांना भजी खाताना बराच वेळ बघत राहिली. काळमेघ कॅंटीनच्या दारातून आत शिरले तेव्हा त्यांना दिसलं की ओवीची मान खाली आहे आणि तिचा कान हिरवागार पेटलाय. आपण नुसते दारात आलो तरी! त्यांनी समाधानाने कॉलर नीट केली.

*

परीक्षा संपल्या. स्वराजच्या नावापुढे उमज शून्य.

त्याला एका माती परीक्षण प्रयोगशाळेत नोकरी लागली होती, पण पदवी हातात असेल तरच. काळमेघांनी त्याला खोलीत बोलावलं. प्रल्हादरावही आले. नीरजा यंत्र तपासायला हजर होती.

"यंत्र ठीक आहे," नीरजा म्हणाली.

"स्वराज," काळमेघ कळवळून म्हणाले, "तीन वर्षं, अरे! दगडालासुद्धा एखाद्या वेळी पाझर फुटतो. तुला वर्गाबाहेर कधी काही वाटलंच नाही?"

"वाटते ना सर. शिबिरात वाटलं, त्या गावातल्या आजीच्या घरी वाटलं. पण कान पेटत नाही, त्याला मी काय करू?"

"त्याचा कान लहानपणापासून बरा हाय साहेब!" प्रल्हादराव म्हणाले. बाहेरच्या झाडावरचे बगळे उडाले. "माहा गेला! त्याले पोहताना पाणी गेलं तरी काई झालं नाई!"

नीरजाने विचारलं, "स्वराज, बाबा असं मोठ्याने बोलतात, तेव्हा तुला काय वाटतं?"

स्वराजला प्रश्नच कळला नाही. "त्यांना ऐकू येत नाही, मॅडम," त्याने समजावून सांगितलं. "मग मीपण मोठ्याने बोलतो."

नीरजा त्याच्याकडे बघत राहिली.

"बघा," काळमेघ हळूच तिला म्हणाले, "जाणीवच नाही." आणि त्यांनी समोरच्या पडद्यावर बोट टेकवून शेरा नक्की केला: विकास आढळला नाही, पदवी राखून ठेवावी.

प्रल्हादरावांना निकाल ऐकू आला नव्हता. जाताना त्यांनी दोन्ही हातांनी काळमेघांचा हात धरला. "बरं केलं साहेब! लय उपकार झाले तुमचे!"

काळमेघांनी "असू द्या, असू द्या" असं म्हटलं. त्यांना त्या वेळी त्यात काही वावगं वाटलं नाही, ही या गोष्टीतली सगळ्यात खरी गोष्ट आहे.

*

स्नेहसंमेलन दुसऱ्याच दिवशी होतं, आणि त्यात फिशपॉन्ड होते. कॉलेजांतून ही चाल फार जुनी. डब्यात निनावी चिठ्ठ्या टाकायच्या, कोणाची फिरकी, कोणाला टोमणा, आणि मंचावरून त्या मोठ्याने वाचायच्या. या वर्षी पहिल्यांदाच फिशपॉन्डच्या वेळीही सगळ्यांच्या कानांत बाळ्या होत्या.

निवेदिकेने पहिली चिठ्ठी उघडली. "बारीक पवनसाठी: वादळाचा इशारा आहे, याला दप्तरात वीट घालून पाठवा." हशा झाला आणि पवनचा कान पेटला. पुढची चिठ्ठी, पुढचा कान. ज्याचं नाव घ्यावं त्याचा दिवा. काळोख्या सभागृहात इथं एक, तिथं एक, असे हिरवे ठिपके फुलत गेले.

"मॅडम, बघताय ना!" काळमेघ नीरजाच्या कानाशी लागले. "एका चिठ्ठीत एक उमज! पुढच्या वर्षीपासून फिशपॉन्ड सक्तीचे करू. महिन्यातून एकदा!"

नीरजा पेटलेले कान मोजत होती.

मग निवेदिका किंचित अडखळली. "काळमेघ सरांसाठी: यांच्या भाषणाने गावात अंधार, दिवा फक्त यांच्याच घरात."

सभागृह कोसळलं. सगळ्यात मोठ्याने टाळ्या काळमेघांनीच वाजवल्या. त्यांनी वळून पहिल्या रांगेत पाहिलं. ओवीचा कान पेटला होता. "खरंच आहे की!" ते कौतुकाने म्हणाले.

"सर, जरा बाहेर या," नीरजा म्हणाली.

बाहेर सायकल स्टँडजवळ अजून चांगलं ऊन होतं.

"सर, ज्याचा फिशपॉन्ड, त्याचाच कान. एकही चुकला नाही."

"म्हणजे विकास!"

"चिठ्ठीत सांगितलं की पवन बारीक आहे. यात पवन काय शिकला? त्याला काय नवीन कळलं?" नीरजा शांतपणे म्हणाली. "ती उमज नाही सर. ती लाज आहे. चारचौघांत ओशाळणं. दोन्ही लाटा सख्ख्या बहिणींसारख्या दिसतात, म्हणून मी फसले. आपण यंत्राला पहिला नमुना दिला तो उमजेचा नव्हता. लाजेचा होता. तीन वर्षं यंत्र अगदी इमानदारीने लाज मोजतंय."

"असं कसं? पहिला नमुना तर..." काळमेघ म्हणाले, "पहिला नमुना तर आपल्या ओवीचा होता. मी भाषण करत होतो. मी..."

त्यांचं वाक्य तिथंच थांबलं. स्वागत समारंभ. शेर. उभं करून दिलेली ओळख. मोर. कॅंटीनच्या दारातून आत शिरणारे आपण. लंगडी. फाटकावरचा फोटो.

घरात दिवा.

काळमेघांना आयुष्यात प्रथमच पुढचं वाक्य सुचेना. त्यांनी खिशातून रुमाल काढला, पुन्हा ठेवला. आत सभागृहात कोणाची तरी चिठ्ठी वाचली गेली आणि हशा पिकला, आणि तो आपल्यालाच आहे असं त्यांना वाटलं. नीरजा त्यांच्या चेहऱ्याकडे बघत नव्हती. ती जरा बाजूला, त्यांच्या कानाकडे बघत होती. मग तिने नजर सायकलींकडे वळवली आणि त्यांची बाळी विझेपर्यंत ती सायकलींकडेच बघत राहिली.

*

सकाळी काळमेघांनी पोहे केले. ओवीची आई नागपूरला नोकरीला असल्याने आठवडाभर स्वयंपाक त्यांच्याकडेच असे. ओवी टेबलाशी आली तेव्हा त्यांची नजर आपोआप तिच्या कानाकडे गेली.

"घरी नसते घालत मी," ओवी म्हणाली.

"नाही, मी कुठे... लिंबू घे." फोड तिच्याकडे सरकवत ते म्हणाले, "ओवी, मी मोर काढतो ना..."

ओवीचा घास हातातच राहिला. "सावजी मॅडमनी सांगितलं का?"

"तुला माहीत होतं?"

"बाबा, सगळ्यांनाच माहीत आहे. पहिल्या वर्षापासून. फक्त विद्यापीठाला माहीत नव्हतं."

काळमेघ पोह्यांतला कढीपत्ता बाजूला काढत राहिले. ते कढीपत्ता खात, तरी काढत राहिले.

"लहानपणी तूच सांगायचीस काढायला."

"हो. छानच काढता तुम्ही. घरात." ओवीचा आवाज जरा चिरकला. "मग मी कॉलेजात गेले आणि तुम्हीपण माझ्याबरोबर कॉलेजात आलात."

"मी कुलगुरूंना सांगतो, तो फोटो..."

"फोटोचं जाऊ द्या. स्वराजचं काय?" तिने ताटली सरकवली. "त्याला त्याच्या बाबांची लाज वाटली नाही म्हणून तुम्ही त्याला नापास केलं. आणि मला माझ्या बाबांची वाटली म्हणून माझा फोटो फाटकावर लावला."

ती बॅग घेऊन निघाली. दारात थांबून म्हणाली, "पोहे चांगले झालेत." हे तिने दयेने म्हटलं हे त्यांना समजलं. पोहे खारट झाले होते.

*

त्याच आठवड्यात मूल्यांकन समिती आली. योजना राज्यभर न्यायची की नाही हे समिती ठरवणार होती. काळमेघांनी कुलगुरूंच्या खोलीत जाऊन सगळं सांगितलं. कुलगुरूंनी शांतपणे ऐकून घेतलं.

"लाज काय आणि उमज काय," ते म्हणाले, "कान पेटतोय ना? समितीला जाऊ द्या. मग बघू."

"आणि तो मुलगा?"

"एक मुलगा, अविनाशराव! एका मुलासाठी तुम्ही सगळ्या राज्यासमोर स्वतःचं हसं करून घेणार?"

काळमेघ उठले. ते सभागृहात गेले. पहिल्या रांगेत समिती, मागे मुलं, बाजूला ओवी. पडद्यावर त्यांचं सादरीकरण तयार होतं. सगळ्यांना माहीत होतं की शेवटी मोर आहे.

"नमस्कार," काळमेघ म्हणाले, आणि त्यांनी पडदा बंद केला. "हे यंत्र विकास मोजत नाही. हे लाज मोजतं. आणि तीही वाटेल ती लाज नाही. माझ्या मुलीला माझी जी लाज वाटली, ती या यंत्राला शिकवली आहे. मी मंचावर जे करतो, ते पाहून तिचा कान पेटायचा. मी समजत होतो, मी घडवतोय."

कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं, असं त्यांना वाटलं.

"आम्ही मुलांना आईबापांची लाज वाटायला लावली आणि त्याचे गुण दिले. मुलं हुशार आहेत. त्यांनी आईबापांना बोलावून आणलं. ते बिचारे कौतुकाने आले. मी त्याला सप्ताह म्हटलं." त्यांनी पाण्याचा घोट घेतला. "एका मुलाला लाज वाटली नाही. त्याच्या नावापुढे मी शेरा मारला की विकास आढळला नाही. त्याच्या वडिलांनी माझे आभार मानले आणि मी ते घेतले. तो शेरा मारायचा अधिकार माझा आहे, मागे घ्यायचाही माझाच आहे. तो मी इथं येण्याआधी मागे घेतला."

त्यांनी न राहवून ओवीकडे पाहिलं. तिचा कान लख्ख हिरवा पेटला होता.

संपलं, त्यांना वाटलं. आजसुद्धा. ते मंचावरून उतरले. मागून कोणीतरी चुकून टाळी वाजवली आणि ती एकटीच पडली.

समितीने अहवालात नंतर लिहिलं की विद्यापीठात आत्मपरीक्षणाची निकोप परंपरा दिसते आणि यंत्र संचालकांच्या बाबतीत विशेष प्रभावी ठरलं. ते राज्यभर न्यावं, मात्र दिव्याचा रंग बदलावा. काळमेघांची बदली वसतिगृहांच्या गरम पाण्याच्या समितीवर झाली. पण ते सगळं पुढे.

त्या दुपारी ते कॅंटीनच्या एका कोपऱ्यात, पुढे भज्यांची बशी ठेवून, सगळ्यांकडे पाठ करून बसले होते. ओवी आली आणि समोर बसली. तिच्या कानात बाळी होतीच.

"सॉरी," काळमेघ म्हणाले. "आजही तुझा कान..."

"ती तुमची लाज नव्हती." ओवी टेबलावरचा पाण्याचा ओघळ बोटाने पुसत म्हणाली. "ती मला माझीच वाटली. अशी आधी एकदाच पेटली होती. पाचपोर काका स्वराजबरोबर भजी खात होते तेव्हा. तुम्ही दारात होतात. तुम्हाला वाटलं, तुमच्यामुळे."

काळमेघांनी मान वर केली. ओवीने विचारलं, "तुमचा दुखतोय का?"

"काय?"

"कान. केव्हाचा पेटलाय."

त्यांनी कानाला हात लावला. तो गरम होता.

तेवढ्यात दाराकडून आवाज आला. "साहेब!" प्रल्हादराव पाचपोर मधली टेबलं ओलांडत येत होते, मागून स्वराज. पदवी मिळणार हे त्यांना कळलं होतं. पण त्यांच्या चेहऱ्यावर तक्रार होती. "साहेब, तुमच्या भाषणाले बसलो होतो मी मागं! मोर काहून नाही काढला?"

"बाबा, आज ते..." स्वराजने त्यांची बाही ओढली.

"मले तुमच्या भाषणातलं काईच आयकू येत नाही!" प्रल्हादराव म्हणाले. "तेवढा मोर येते! मंग लय बरं वाटते!"

सगळं कॅंटीन वळून बघत होतं. काळमेघांनी खाली मान घातली. "नाही हो पाचपोर," ते म्हणाले, "आता ते बंद." पण ते हळू बोलले, त्यामुळे प्रल्हादरावांपर्यंत पोचलं नाही. ते कानामागे हात धरून, वाकून, वाट बघत उभे राहिले.

"काढा ना, बाबा," ओवी म्हणाली.

काळमेघांनी तिच्याकडे पाहिलं नाही. ते उभे राहिले, घसा खाकरला आणि मोर काढला. आवाज मध्येच फाटला. मोर म्हातारा निघाला. प्रल्हादरावांचा चेहरा उजळला. "आला!" ते ओरडले. "आला बाप्पा!"

काळमेघ खाली बसले. समोरच्या भज्यांकडे, बशीकडे, मिठाच्या डबीकडे, सगळीकडे त्यांनी पाहिलं. ओवीच्या कानाकडे मात्र पाहिलं नाही.